शब्दशंका : 'स्टर', 'राइट' आणि 'मंगर'

इंग्रजी शब्दांच्या शेवटांबद्दल या खेपेला बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. जुन्या इंग्रजीतली रूपे देवनागरीत लिहिली असली तरी त्यांचा उच्चार अंदाजानेच घ्यावा. त्या भाषेतले काही स्वर आपल्याकडे नाहीत.

प्रश्न : 'यंगस्टर', 'गँगस्टर', 'स्पिन्स्टर', 'ट्रिकस्टर' या शब्दांचा शेवट एकच आहे. मग 'स्टर' म्हणजे नेमके काय? विद्यार्थ्यांना एका वाक्यात सांगता येईल का? (शिक्षिका, कोल्हापूर)

एका वाक्यात सांगायचे तर 'स्टर' म्हणजे मुळात 'ते काम करणारी बाई'. पण एवढेच सांगून थांबलात तर मुले लगेच 'गँगस्टर' पुढे करतील, म्हणून पुढचेही लागेल.

साधारण ११५० पूर्वीच्या इंग्रजीत काम करणाऱ्या माणसासाठी 'एरे' हा प्रत्यय होता आणि बाईसाठी बहुतेक वेळा 'एस्त्रे'. पाव भाजणारा तो 'बॅकेरे', भाजणारी ती 'बॅकेस्त्रे'. शिवणारी 'सेआमेस्त्रे', गाणारी 'सांगेस्त्रे', पिंपाच्या तोटीतून दारू काढून देणारी 'तॅप्पेस्त्रे'. मराठीत याला जवळचे उदाहरण 'स्वयंपाकीण'. 'पाटलीण'चे उदाहरण देऊ नका, कारण पाटलीण ही बहुधा पाटलाची बायको असते. 'बॅकेस्त्रे' ही कोणाची बायको म्हणून नव्हे, स्वतः भट्टीपुढे उभी राहते म्हणून 'बॅकेस्त्रे'.

पुढे इंग्लंडच्या उत्तर भागात हा प्रत्यय पुरुषांनाही लागू लागला. दक्षिणेत स्त्रीवाचक अर्थ जास्त काळ टिकला, पण १६व्या शतकापर्यंत तिथेही तो बोलणाऱ्यांच्या कानातून गेला. 'स्टर' ऐकून बाई डोळ्यांपुढे येईना, तेव्हा फ्रेंचमधून आलेला 'एस' हा स्त्रीवाचक प्रत्यय वर आणखी जोडला गेला. 'सीमस्ट्रेस' आणि 'साँगस्ट्रेस' हे त्यातून झाले. म्हणजे शिवणाऱ्या बाईला इंग्रजीने दोनदा बाई केले.

रिकामा झालेला 'स्टर' मग दुसऱ्या कामाला लागला. 'यंगस्टर' १६व्या शतकाच्या अखेरचा, आणि तसा निरुपद्रवी. पण 'राइमस्टर' म्हणजे यमके जुळवणारा हलका कवी, 'गेमस्टर' म्हणजे जुगारी, 'ट्रिकस्टर' म्हणजे ठक. 'गँगस्टर' अमेरिकेत १९व्या शतकाच्या शेवटी आला. 'एर' लावला की नुसता कर्ता मिळतो. 'स्टर' लावला की त्यात बऱ्याचदा नाक मुरडणे येते. विद्यार्थ्यांना हा फरक सांगितला तर व्युत्पत्तीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. अपवाद आहेतच: 'टीमस्टर' म्हणजे बैल-घोड्यांची जोडी हाकणारा आणि आता अमेरिकेत ट्रकचालक, 'माल्टस्टर' म्हणजे बार्ली भिजवून, मोड आणून, भट्टीवर सुकवणारा. या दोघांकडे कोणी नाक मुरडत नाही.

प्रश्न : जुन्या कागदपत्रांत 'स्पिन्स्टर' येते. शब्दकोशात 'सूत कातणारी' आणि 'प्रौढ कुमारिका' असे दोन्ही अर्थ दिसतात. भाषांतरात कोणता घ्यायचा? आजच्या प्रतिज्ञापत्रात हा शब्द चालतो का? (भाषांतरकार, वसई)

आधी कागदाचा काळ पाहा, मग अर्थ ठरवा.

१४व्या शतकातल्या मजकुरात तो सरळ धंदा आहे: लोकर किंवा जवसाचे (लिननचे) तंतू कातणारी. १४१३ साली इंग्लंडमध्ये एक कायदा झाला. त्याने दाव्याच्या कागदात प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिणे सक्तीचे केले. पुरुषांसाठी लिहिण्यासारखे पुष्कळ होते: शेतकरी, सुतार, विणकर, जमीनदार. बाईसाठी कारकुनाच्या लेखणीतून येई अमक्याची बायको, अमक्याची विधवा. आणि दोन्ही नसेल तर 'स्पिन्स्टर'. कारण बिनलग्नाच्या बाईला घरबसल्या पैसे देणारे सर्वांत सोपे काम कताईचे होते. चाक स्वस्त, मजुरी सुताच्या वजनावर, आणि मागणी कधी न संपणारी, कारण एका हातमागाला सूत पुरवायला चार-पाच, कधी त्याहून जास्त कातणाऱ्या लागत. १७व्या शतकापर्यंत धंद्याचा अर्थ मागे पडून 'अविवाहित' हा कायद्यातला अर्थ पक्का झाला. प्रौढपणाची आणि हेटाळणीची छटा त्याहूनही नंतरची.

म्हणून १६०० पूर्वीच्या कागदात 'सूत कातणारी' हा अर्थ आधी तपासा. १६व्या-१७व्या शतकांच्या सांध्यावर विशेष जपा. त्या काळच्या काही आरोपपत्रांत नवरा हयात असलेल्या बाईच्या नावापुढेही 'स्पिन्स्टर' लिहिलेले सापडते. तिथे शब्दावरून लग्नाचा निष्कर्ष काढू नये. १७व्या शतकानंतरच्या कायदेशीर कागदात 'अविवाहित' एवढेच लिहा. 'प्रौढ कुमारिका' फक्त कथा-कादंबरीत, आणि तेही संदर्भात तो सूर असेल तेव्हाच. बावीस वर्षांच्या वधूच्या नोंदीत 'प्रौढ कुमारिका' लिहिलेली भाषांतरे होतात, आणि चूक शब्दकोशाची नसते, कागदाचा काळ न पाहता अर्थ उचलणाऱ्याची असते.

आपल्याकडे हा शब्द कायद्यातूनच आला. १८७२च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्याच्या परिशिष्टात लग्नाच्या नोटिशीचा जो नमुना आहे, त्यात वधूच्या नावापुढे 'स्पिन्स्टर' आहे. वसईच्या कागदांत तो भेटतो यात म्हणूनच नवल नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र डिसेंबर २००५ पासून लग्नाच्या नोंदीत 'बॅचलर' आणि 'स्पिन्स्टर' दोन्ही जाऊन तिथे 'सिंगल' आले.

प्रतिज्ञापत्रात शब्द चालतो, चूक नाही. पण 'अनमॅरिड' लिहिणे बरे. परदेशी कार्यालयासाठी कागद असेल तर 'नेव्हर मॅरिड' हे दोन शब्द जोडा. कायद्यातल्या 'स्पिन्स्टर'मध्ये विधवा आणि घटस्फोटित येत नाहीत. नुसत्या 'सिंगल'मध्ये त्या येतात की नाही यावर कागद परत येऊ शकतो. छापील नमुन्यात 'बॅचलर/स्पिन्स्टर' असे दोन्ही असतील तर नको तो खोडायला विसरू नका.

प्रश्न : वेब्स्टर, बॅक्स्टर ही आडनावे याच 'स्टर'ची का? पुरुषांच्या आडनावात बायकी प्रत्यय कसा? (वाचक, नाशिक)

होय, याचीच. वेब्स्टर म्हणजे विणणारी, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, ब्रूस्टर म्हणजे दारू गाळणारी आणि डेक्स्टर म्हणजे कापड रंगवणारी. प्रत्येकीच्या शेजारी 'स्टर' नसलेले आडनावही आहे: वेब, बेकर, ब्रूअर, डायर.

पुरुषांकडे ती गेली त्याचे कारण पहिल्या उत्तरातच आहे. आडनावे पक्की होत होती त्या १३व्या-१४व्या शतकांत उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये 'वेब्स्टर' हा विणकर पुरुषही असे. बॅक्स्टर आजही स्कॉटलंडमध्ये जास्त आढळतो, हा त्याचाच परिणाम. काही घराण्यांत आडनाव खरोखरच एखाद्या कर्त्या बाईवरून आले असेल, पण नुसत्या आडनावावरून ते सिद्ध होत नाही.

१८२८चा अमेरिकन शब्दकोश करणारे नोआ वेब्स्टर त्यामुळे आडनावाने विणकर. १९६१-६२ला इंग्लंडचा क्रिकेट संघ घेऊन भारतात आलेले आणि मालिका २-० अशी हरून गेलेले टेड डेक्स्टर आडनावाने रंगारी. लॅटिनमध्ये 'डेक्स्टर' म्हणजे 'उजवा' हे खरे, आणि इंग्रजीत तोही शब्द आहे. पण आडनाव रंगाऱ्याचे आहे, उजव्या हाताचे नव्हे.

ब्रूस्टरमागची गोष्ट जरा कडू आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरगुती 'एल', म्हणजे हॉप न घातलेली धान्याची दारू, गाळणे हे मुख्यतः बायकांचे काम. ती चार-सहा दिवसांत आंबते, म्हणून थोडी थोडी आणि वरचेवर करायची. १५व्या शतकात हॉप (एका वेलीची कडवट फुले) घातलेली बिअर रुजली. ती टिकते, दूरवर नेता येते, म्हणून मोठी भांडी, मोठे भांडवल आणि पुरुषांच्या संघटना आल्या, आणि बायका या धंद्यातून हळूहळू बाहेर पडल्या. शब्द मात्र सरकारदरबारी राहिला: दारूच्या दुकानांचे परवाने देण्यासाठी इंग्लंडचे मॅजिस्ट्रेट दर फेब्रुवारीत जी बैठक घेत, तिला 'ब्रूस्टर सेशन्स' म्हणत. २००३च्या परवाना कायद्याने ते काम स्थानिक कौन्सिलांकडे गेले.

प्रश्न : 'मिनिस्टर', 'मास्टर', 'सिस्टर', 'मॉन्स्टर' यांत हाच प्रत्यय आहे का? नसेल तर ओळखायचे कसे? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

चारांपैकी एकातही नाही. ओळखायची रीत अशी.

पहिल्यांदा 'स्टर' काढून टाका आणि उरलेला तुकडा स्वतंत्र शब्द आहे का ते पाहा. 'गँग', 'यंग', 'ट्रिक', 'माल्ट' उभे राहतात. 'मिनि', 'मा', 'सि', 'मॉन' राहत नाहीत. एवढ्यावर निम्मे शब्द निकाली निघतात.

मग 'एर' काढून पाहा. इथे सर्वांत जास्त फसायला होते. 'पोस्टर', 'टोस्टर', 'रूस्टर' यांतून 'एर' काढला की 'पोस्ट', 'टोस्ट', 'रूस्ट' राहतात; म्हणजे 'स्ट' हा मूळ शब्दाचा भाग आणि प्रत्यय साधा 'एर'. रूस्टर म्हणजे दांडीवर बसणारा, 'रूस्ट' ही कोंबड्यांची बसायची दांडी.

तरीही शंका राहिली तर चांगल्या शब्दकोशात अर्थाच्या आधी किंवा शेवटी कंसात दिलेले जुने रूप पाहा. तिथे 'एस्त्रे' दिसले तर बहुधा हाच प्रत्यय. लॅटिन रूप दिसले तर बहुधा प्रत्यय नाही. पहिल्या पायरीवर थांबू नका, कारण 'लॉब्स्टर' आणि 'हॅम्स्टर' तिथे चकवतात. 'लॉब'ही शब्द आहे, 'हॅम'ही आहे. पण हॅम्स्टर जर्मनमधून आला, आणि डुकराच्या मांसाशी त्याचा काही संबंध नाही. लॉब्स्टरच्या जुन्या रूपात तर 'एस्त्रे' दिसतेही, 'लोप्पेस्त्रे' असे. पण तो टोळ आणि शेवंड या दोहोंसाठी असलेल्या लॅटिन 'लोकुस्ता'चा अपभ्रंश मानला जातो. अनोळखी शेवट ओळखीच्या प्रत्ययासारखा करून घेतला, एवढेच.

आता तुमचे चार शब्द. 'सिस्टर' आणि संस्कृत 'स्वसृ' एकाच मुळाचे. 'मॉन्स्टर' लॅटिन 'मोन्स्त्रुम'वरून, अर्थ अपशकुन, देवाने दिलेला इशारा. 'मास्टर' आणि 'मिनिस्टर' ही जोडी खरी गमतीची. लॅटिनमध्ये 'मागिस' म्हणजे अधिक, त्यावरून 'मागिस्तेर', वरचा, धनी. 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून 'मिनिस्तेर', हाताखालचा, नोकर. राजाचा नोकर म्हणून मंत्री 'मिनिस्टर' झाला आणि देवाचा नोकर म्हणून चर्चमधला.

याच 'मागिस्तेर'ची दोन नातवंडे मराठीत नांदतात. इंग्रजीतून आला तो 'मास्तर'. पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून गोवा-कोकणातून आला तो 'मेस्त्री', देशावरचा 'मिस्त्री'. शाळेत शिकवणारा आणि भिंत बांधणारा, दोघांची पदवी एकच आहे. परीक्षेत हे विचारणार नाहीत, पण लक्षात राहायला सोपे आहे.

प्रश्न : नाटककाराला 'प्लेराइट' म्हणतात, तर स्पेलिंगमध्ये 'लिहिणे'वाला 'राइट' का नाही? (नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते, ठाणे)

कारण यातला 'राइट' लिहिणारा नाही, घडवणारा आहे. जुन्या इंग्रजीत 'विर्ह्ता' म्हणजे कारागीर. 'वर्क' या क्रियापदाच्या घराण्यातला. लाकूडकाम करणारे त्यात पुष्कळ: 'शिपराइट' जहाज बांधणारा, 'व्हीलराइट' चाके करणारा, 'कार्टराइट' आणि 'वेनराइट' गाड्या करणारे. आज धंद्याचे नाव म्हणून भारतात ऐकू येणारा एक म्हणजे 'मिलराइट फिटर': पूर्वी पवनचक्की-पाणचक्कीची यंत्रे बसवणारा, आता कारखान्यात अवजड यंत्रे पायावर बसवून, पातळी जुळवून, शाफ्ट एका रेषेत आणून देणारा.

'प्लेराइट' १७व्या शतकातला आणि आधी टोमण्याचा. इंग्लिश कवी-नाटककार बेन जॉन्सनने तो कवितेत बरोबरीच्या नाटकवाल्याला हिणवण्यासाठी वापरला: हा कवी कसला, नाटके ठोकून देणारा सुतार. टोमणा गेला, पदवी राहिली.

जाहिरात-पत्रिका छापताना तीन 'राइट' वेगळे ठेवा. नाटककाराचा 'राइट' डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी. हक्काचा 'राइट', म्हणजे 'कॉपीराइट'मधला, त्यात डब्ल्यू नाही. जाहिरातीचा मजकूर लिहितो तो 'कॉपीरायटर', तो मात्र लिहिणाराच, डब्ल्यू-आर-आय-टी-ई-आर. आणि एक अडचण अशी की नाटके लिहिण्याच्या कलेला 'प्लेरायटिंग' म्हणताना बहुतेक शब्दकोश 'लिहिणे'चेच स्पेलिंग आधी देतात. म्हणजे माणूस घडवणारा आणि त्याची कला लिहिण्याची. नाट्यलेखन कार्यशाळेच्या फलकावर तेच वापरावे.

'वर्क'चे जुने भूतकाळी रूप 'रॉट', म्हणजे घडवलेले. झोपाळ्याचे किंवा फाटकाचे 'रॉट आयर्न' ते हेच, घणाने ठोकून घडवलेले लोखंड. बाजारात त्याचे 'रॉड आयर्न' झाले आहे. विकले जाते ते बहुतेक साधे माइल्ड स्टील, त्यामुळे दोन्ही नावे तशी चुकीचीच.

आणि वरच्या कताई-विणाईशी याचा एक धागा जुळतो. 'आर्क' म्हणजे पिठा-धान्याची झाकणाची मोठी पेटी (नोहाची नौका म्हणजे इंग्रजीत 'आर्क', तोही हाच शब्द), म्हणून 'आर्कराइट' हा पेट्या करणारा सुतार. रिचर्ड आर्कराइटने १७६९ला पुढे पाण्यावर चालू लागलेल्या कताईयंत्राचे पेटंट घेतले आणि १७७१ला क्रॉमफर्डला गिरणी उभी करायला घेतली. १७८५ला यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले एडमंड कार्टराइटने. स्पिन्स्टर आणि वेब्स्टरचे घरचे काम काढून नेले ते आडनावाने दोन सुतारांनी. प्रत्यक्षात एक न्हावी आणि केसांचे टोप करणारा होता आणि दुसरा धर्मगुरू.

प्रश्न : 'रोडस्टर' म्हणजे सायकल, मोटारसायकल की उघडी गाडी? (वाचक, लुधियाना)

तिन्ही, आणि त्याआधी घोडा, आणि त्याच्याही आधी जहाज. बंदराबाहेर नांगर टाकून थांबायच्या सुरक्षित पाण्याला इंग्रजीत 'रोड' म्हणतात. तिथे उभे असलेले जहाज ते १८व्या शतकातले 'रोडस्टर'. पुढे लांबच्या रस्त्याला टिकणारा घोडा, मग सायकल, मग दोन आसनांची टप नसलेली मोटार. तुमच्या गावच्या सायकल कारखान्यांत 'रोडस्टर' म्हणतात ती २८ इंची चाकांची, दीड इंच टायरची, दुधाचे कॅन लटकवता येणारी काळी सायकल.

प्रश्न : 'वॉरमंगर' शिवीसारखा आणि 'फिशमंगर' साधा दुकानदार, हे कसे? आणि 'मंगर'चा 'मँगो'शी संबंध आहे का? (वाचक, रत्नागिरी)

रत्नागिरीहून दुसरा प्रश्न येणारच होता. संबंध नाही. आंब्याचा 'मँगो' मल्याळम 'माङ्ङ'वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. 'मंगर'च्या मुळाशी लॅटिन 'मांगो' आहे. अर्थ व्यापारी, त्यातही गुलामांचा, माल चकचकीत करून खपवणारा.

जुन्या इंग्रजीत 'मांगेरे' साधा व्यापारी होता आणि मालाचे नाव आधी लावले की झाले: 'फिशमंगर' मासळीवाला, 'आयर्नमंगर' लोखंडी सामानवाला, 'चीजमंगर'. 'कॉस्टरमंगर' हा 'कॉस्टर्ड' जातीची सफरचंदे विकणारा. पुढे हातगाडीवर फळे-भाजी विकणारा कोणीही. लंडनमधल्या मासळीवाल्यांच्या आणि लोखंडवाल्यांच्या जुन्या व्यापारी संघांनी नावात हा शब्द आजही ठेवला आहे.

१६व्या शतकापासून मालाच्या जागी विकू नये ती गोष्ट येऊ लागली: युद्ध, अफवा, बदनामी. त्यामुळे खाण्याची किंवा हाताळायची वस्तू पुढे असेल तर दुकानदार, अमूर्त गोष्ट असेल तर निंदा, असे धरून चालायला हरकत नाही. नवा शब्द बनवायचा झाला तर तो निंदेचाच होईल; नव्या दुकानाच्या पाटीवर हौसेने 'मंगर' लावायचाच असेल तर पुढे चीज किंवा मासळीच ठेवा. उच्चार 'मंगर', 'माँगर' नव्हे, आणि त्यातला 'ग' स्पष्ट ऐकू आला पाहिजे.